रोलरला फुटलेली दाढी

मला भेटलेला पहिला वर्गशत्रू दिवसातून दोनदा दाढी करायचा. सकाळी एकदा, देवपूजेच्या आधी, घरी. आणि दुपारी एकदा, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या दारात स्टुलावर बसून. न्हावी रोज यायचा आणि रोज म्हणायचा, "अप्पा, काय उगवलंच न्हाई की." अप्पा गालावरून अंगठ्याचं नख फिरवत जायचे, कानाच्या पाळीखाली थांबायचे आणि म्हणायचे, "हितं हाय."

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. वडील गिरणीत, त्यामुळं घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं मात्र ढिगानं होती. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. पत्रकातला मालक मला तोंडपाठ होता. त्याचं पोट सुटलेलं असतं, बोटांत अंगठ्या असतात, तोंडात चिरूट असतो आणि पायाखाली कामगार असतो. लेथ चालवायला शिकून मी सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागलो तेव्हा असाच कुणीतरी समोर येईल अशा तयारीनं गेलो होतो. समोर आले ते खाकी हाफपँट, भोकं पडलेली बनियन, कपाळावर भस्म आणि गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी घातलेले एक हाडकुळे गृहस्थ. डबी आरशासारखी घासलेली होती. चेहराही.

माझी निराशा झाली, पण तत्त्व ते तत्त्व. ज्याचे लेथ तो मालक, आणि मालकाला अहो-जाहो करायचं नाही असं मी ठरवून गेलो होतो. ते पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीपर्यंत टिकलं. अप्पा मला 'तम्मा' म्हणायला लागले. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. पिळवणुकीचा हा प्रकार कुठल्याच पत्रकात आलेला नव्हता.

आमचं काम गिरण्यांचे रोलर करायचं. चादरीचं सूत ज्या पोलादी रोलरवरून सरकत जातं तो कडक हवा आणि गुळगुळीत हवा. बारीकसा ओरखडा राहिला तरी सूत तुटतं. अप्पांकडे तपासणीची दोन हत्यारं होती. एक अंगठ्याचं नख, दुसरं सकाळचं वर्तमानपत्र. नख रोलरवरून बिनबोभाट सरकलं की अप्पा रोलर खिडकीशी न्यायचे, त्याच्यासमोर वर्तमानपत्र धरायचे आणि रोलरमध्ये बघून बातम्या वाचायचे. अक्षरं उलटी आणि लांबोडकी दिसायची. ती वाचता आली की काम पास. कित्येक वर्षांत अप्पांनी वर्तमानपत्र सरळ वाचलेलं नव्हतं. मंत्र्यांची भाषणं अशी वाचली तर जास्त नीट कळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या राजकीय मतांपैकी हे एकच मला कधी खोडून काढता आलं नाही.

नखाला कारखान्याची हद्द माहीत नव्हती. पुतण्यासाठी मुलगी बघायला अप्पा अक्कलकोटकडच्या एका घरी गेले. चहा स्टीलच्या पेल्यात आला. अप्पांनी पेला उजेडाकडं धरला, फिरवला, काठावरून नख नेलं आणि एका जागी थांबले. पोह्यांची बशी हातात घेऊन मुलगी उभी. तिचे वडील घामाघूम. चहा निवून गेला. घरी आल्यावर बायकांनी विचारलं, कशी होती. अप्पा म्हणाले, "पालिश घाईत मारलंय." ते पेल्याबद्दल बोलत होते हे घरच्यांच्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली, म्हणून सोयरीक वाचली.

माझी दाढी त्यांना बघवत नसे. मी ती जगातल्या थोर माणसांकडं बघून राखली होती, आणि ती जिथं नव्हती तिथं ती विचारांनी भरून काढली होती. अप्पा म्हणायचे, "तम्मा, ती जाळी काढ की. सूत अडकंल." पुढं आणीबाणीत पोलीस दाढ्या बघून चौकशा करू लागले तेव्हा मी ती काढली. अप्पांनी माझ्या गालावरून नख फिरवलं आणि सरकारनं एक तरी काम गुळगुळीत केलं, असा शेरा दिला. आणीबाणीला सोलापुरात मिळालेला तो सर्वांत प्रामाणिक पाठिंबा असावा.

पण सांगायचं आहे ते त्याआधीचं, बफचं.

बफ म्हणजे मोटारीच्या दांड्यावर बसवलेलं कापडाचं चाक. चाकाच्या कडेला एमरीची, म्हणजे कुरुंदासारख्या कडक दगडाची, पूड चोपडायची, मोटार सुरू करायची आणि फिरत्या चाकावर रोलर दाबून धरायचा. रोलर चमकतो, पूड उडते. उडालेली पूड जाते कुठं, असा प्रश्न विचारायची उद्योगजगतात पद्धत नाही. आमच्याकडं ती नरसय्यात जायची. नरसय्या मूळचा मागावरचा. घरचे हातमाग बंद पडले म्हणून तो बफवर आला होता. संध्याकाळी त्याच्या भुवया, मिशी, कानातले केस सगळं राखाडी झालेलं असायचं, आणि शेडमध्ये मोटारींच्या वरताण आवाज त्याच्या खोकल्याचा असायचा. यावर आमच्या धंद्यात एक जुना उपाय होता. सुट्टी झाली की बफवाल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, बाकीच्यांनाही थोडा थोडा. गुळाबरोबर धूळ घशाखाली उतरते म्हणे. फुप्फुसाचा प्रश्न पोटाकडं सोपवून द्यायची ही योजना कुणाच्या डोक्यातून निघाली माहीत नाही, पण तो माणूस पुढं नक्की सरकारात गेला असणार.

मी पत्रक काढलं. हातानं लिहिलं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शेडच्या दाराला डकवलं. सुरुवात अशी होती: 'रक्तपिपासू नराधम भांडवलदारांनो, तुमच्या गुळानं आमची तोंडं बंद होणार नाहीत.' अप्पा आले, पत्रकासमोर उभे राहिले आणि कागदावर ओळीखालून नख फिरवत त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग मला हाक मारली.

"हे तूच लिवलंस?"

"कामगारांनी लिहिलंय."

"कामगारांचं अक्षर तुझ्यासारखंच हाय की." त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली. "लई खरखरीत लिवतोस, तम्मा. हे रक्तपिपासू काढ. नराधम काढ. नख अडकतंय. नरसय्याला तोंडाला फडकं पायजे, हे तळाला जाऊन बसलंय. ते वर घे."

शोषितांचं जगणंच खरखरीत आहे, म्हणून त्यांची भाषा खरखरीत असते, असं मी त्यांना बाणेदारपणे सुनावलं. ते म्हणाले, "मग तुझी कशापायी? तुझ्या बापाला पगार हाय."

फडकी आली. नरसय्यानं ती दोन दिवस बांधली आणि श्वास कोंडतो म्हणून गळ्यात लोंबत ठेवली. तिसऱ्या दिवशी अप्पांनी त्याला उठवलं, फडकं स्वतःच्या तोंडाला घट्ट बांधलं आणि दुपारपर्यंत स्वतः बफ मारला. मग दाराबाहेर जाऊन नाक शिंकरलं आणि जे निघालं ते तळहातावर धरून बराच वेळ बघत राहिले. आत येऊन मला म्हणाले, "फडकं मागून काय हुतंय. धूळच नगं." माझ्या मागणीचा असा विपर्यास करण्यात आला.

त्या काळात मी रविवारी नव्या पेठेच्या कोपऱ्यावर सायकल उभी करून रशियातून येणारी स्वस्त पुस्तकं विकायचो. गुळगुळीत कागद, सुबक छपाई, किंमत नावापुरती. एका रविवारी अप्पा तिथं आले. त्यांनी एकेक पुस्तक उन्हात तिरपं धरून कागदाची चकाकी पाहिली आणि त्यातलं यंत्रांवरचं एक इंग्रजी पुस्तक घेतलं. मालकवर्गातला एक माणूस आपल्या बाजूला आला, असं मी त्या रात्री मित्रांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी न्हावी वस्तरा पुसत होता तो त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेला. नियोजित अर्थव्यवस्थेच्या घोडदौडीवर अप्पांच्या दाढीचा फेस पसरला होता. अप्पांनी फक्त एक प्रकरण फाडून ठेवलं होतं. लोहचुंबकानं कडक पोलाद कसं घासावं, याचं.

अप्पांचं इंग्रजी चित्रांपुरतं होतं, पण चित्रं चांगली होती. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये रोलर फिरत ठेवायचा. मधल्या फटीत लोखंडाचा बारीक कीस आणि कुरुंदाची पूड मिसळून भरायची. चुंबकाच्या ओढीनं कीस साळिंदराच्या काट्यांसारखा उभा राहतो आणि स्वतःबरोबर कुरुंदालाही धरून ठेवतो. त्याचाच ब्रश होतो. तो रोलरला चारी बाजूंनी घासतो, आणि पूड जागची हलत नाही. उडतच नाही.

चुंबक विजेचा, म्हणजे त्याला गुंडाळायला तांब्याची तार हवी. एका सकाळी आम्ही आलो तर बफची मोटार जमिनीवर उघडी पडली होती आणि अप्पा मांडी घालून तिची तार सोडवत बसले होते. जुनं चाक बंद करूनच नवं सुरू करायचं, इतकी टोकाची भूमिका आमच्या पक्षातसुद्धा फार थोडे लोक घेत.

मी अर्थातच विरोध केला. यंत्र आलं की माणूस जातो, हे मला बारशापासून माहीत होतं. 'चुंबकीय भांडवलशाहीचा धिक्कार असो' असं पत्रक लावलं. अप्पांनी वाचलं. "बरं हाय. पन पैल्या दोनात एक शब्द जादा झालाय. कुठला, ते तू ठरीव." आणि नरसय्याला त्यांनी नव्या यंत्रापाशी स्टूल टाकून दिलं. पूड भरायची, रोलर चढवायचा, उतरवायचा, एवढंच काम. पगार तोच. माझ्या पत्रकातला कामगारच स्टुलावर बसून विडी ओढू लागला, तेव्हा लढा थोडा थंडावला.

पहिले रोलर भयंकर निघाले. मांजरानं ओरबाडल्यासारखे. अप्पा पुडीचं प्रमाण बदलत राहिले, कीस अजून बारीक करत राहिले. शेवटी त्यात करडईचं तेल घातल्यावर जमलं. लगदा दिसायचा शेंगांच्या चटणीसारखा, आणि एकदा तर एकजण तो भाकरीबरोबर घेता घेता राहिला. वीजकपात असली की उभा ब्रश एका क्षणात कोसळून खाली ढीग व्हायचा. पुढाऱ्याला अटक झाल्यावर मोर्चाचं जसं होतं, अगदी तसं.

मग एक रोलर असा निघाला, की अप्पांनी खिडकीशी उभं राहून त्यात बाजारभावांचं पानसुद्धा वाचून काढलं. त्यांनी गिरणीच्या विव्हिंग मास्तरांना, म्हणजे विणकाम खात्याच्या प्रमुखांना, बोलावलं. रोलर घ्यायचा की नाही, हे त्यांच्या हातात होतं. हे मास्तर फार शिस्तीचे. भोंगा झाला की मनगटावरच्या घड्याळाकडं बघत गेट लावून घेणार आणि मिनिटभर उशिरा आलेल्याला घरी पाठवणार. त्यांनी यंत्रावर वाकून, हात आत घालून सगळं न्याहाळलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. रोलर चालला तर पुढचं सगळं काम असंच घेऊ. नाही चालला तर मुकाट बफ लावा, नाहीतर काम दुसरीकडं जाईल. नरसय्या स्टुलावर बसून हे ऐकत होता. खोकला आला तो त्यानं दाबून धरला.

रोलर गेला. आमच्या रिवाजाप्रमाणं तो लेथखालच्या पेटीत, कापसाच्या बोळ्यांत घालून पाठवला. वर्षानुवर्षं सगळे रोलर त्याच पेटीतून गेले होते. पेटीत लेथचा लोखंडी चुरा असतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण तो फडक्यानं झटकला की जायचा.

दोन दिवसांनी मास्तर स्वतः आले, गाडीत रोलर घालून. अप्पांनी फडकं बाजूला केलं. रोलरला दाढी फुटली होती. काळी, बारीक, दाट दाढी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पेटीतला चुरा तर चिकटला होताच, गिरणीतही दिसेल तो लोखंडाचा कण त्यानं ओढून घेतला होता. पांढऱ्या चादरीवर काळ्या रेघा उठल्या होत्या. चुंबकात फिरून फिरून रोलर स्वतःच चुंबक झाला होता. पोलाद जेवढं कडक, तेवढं ते ही ओढ धरून ठेवतं. नख आणि वर्तमानपत्र, दोघांनाही यातलं काही कळत नाही.

अप्पांनी दाढी फडक्यानं पुसली. ती दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

मास्तरांची आणखी एक तक्रार होती. यंत्रात हात घातला त्या दिवसापासून त्यांचं घड्याळ बंद होतं. त्या बंद घड्याळावर वेळ बघत ते दुसऱ्या दिवशी गेटवर पोचले, तेव्हा भोंगा होऊन गेला होता आणि गेट लागलेलं होतं. वॉचमननं नियमाप्रमाणं ते लगेच उघडलं नाही. ही बातमी त्यांनी सांगितली नव्हती. ती आधीच गावभर झाली होती, आणि माझ्या मते चुंबकीय भांडवलशाहीनं कामगारांसाठी केलेलं ते पहिलं ठोस कार्य होतं. पण हसायची सोय नव्हती. मास्तर आठवडाभराची मुदत देऊन गेले. बफनं मारलेला रोलर द्या, नाहीतर राहू द्या. घड्याळ तेवढं दुरुस्त करून पाठवा.

मास्तरांची गाडी रस्त्याला लागली. मग नरसय्याच उठला. "अप्पा, मोटारीत तार भरून आणा. मी मारतो बफ. खोकला काय आजचा हाय?"

"सुम्नीर," अप्पा म्हणाले. कानडीत गप्प बस.

"काम गेलं तर पोरांनी काय खायाचं? धूळ हाय तर हाय."

मी इथं बोलायला हवं होतं, असं पत्रकं वाचणाऱ्यांना वाटेल. पण आरोग्य की रोजगार, यावर आमची बैठक अजून व्हायची होती. अप्पा मास्तरांचं घड्याळ घेऊन निघाले आणि मला सायकल काढायला सांगितली.

नव्या पेठेतल्या घड्याळवाल्यानं घड्याळ कानाला लावलं आणि 'चुंबक लागलंय' एवढंच म्हणाला. त्याच्यासमोर तारेच्या वेटोळ्याची एक कडी होती, घरच्या विजेवर चालणारी. त्यानं बटण दाबलं, घड्याळ कडीत धरलं आणि वीज चालू असतानाच ते हळूहळू मागं, दूर, हात लांब होईपर्यंत नेलं. मग बटण बंद केलं. घड्याळ चालू झालं. अप्पांनी त्याला तेच पुन्हा करून दाखवायला लावलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यानं गिऱ्हाइकं खोळंबलीत म्हणून हाकललं.

परतीच्या वाटेवर अप्पा मागच्या कॅरियरवर बसून हात हळूहळू लांब नेत होते. लोक बघत होते.

त्यांनी रोलर मावेल एवढी मोठी कडी गुंडाळली. पहिल्यांदा रोलर आत असतानाच बटण बंद केलं, आणि ओढ तशीच राहिली. मग आम्ही दोघांनी रोलर धरून, वीज चालू ठेवून, वरात निघाल्यासारखा सावकाश दारापर्यंत नेला. अप्पांनी त्याच्यावर मूठभर कीस टाकला. सगळा कीस घरंगळून खाली पडला. अप्पा माझ्याकडं वळले. "एकदम सोडलं की धरून बसतंय. सावकाश नेलं की सोडतंय. तुझ्या पक्षात सांग." मी सांगितलं नाही. आमच्यात आधीच बरेच जण सावकाश दूर चालले होते.

नवी, धुतलेली पेटी केली. रोलर गिरणीत गेला आणि तिथंच राहिला. मास्तरांनी पुढचं काम दिलं, मात्र त्यानंतर ते शेडमध्ये येताना घड्याळ गाडीत ठेवून येऊ लागले. बफचं चाक अप्पांनी न्हाव्याला दिलं. त्यानं ते स्टुलावर गादी म्हणून घातलं.

आणि गूळ बंद झाला.

अप्पांचं गणित सरळ होतं. गूळ धुळीसाठी, धूळ नाही, तर गूळ नाही. तोंडाच्या फडक्यासाठी ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, ते सगळे कामगार गुळासाठी दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या स्टुलापाशी एकजुटीनं जमले. अशी एकजूट मी तोवर पाहिली नव्हती. मी आजवरचं सर्वांत मोठं पत्रक लिहिलं. त्यात हक्क होता, परंपरा होती, जगाच्या इतिहासातली दोन उदाहरणं होती, आणि गुळाची साम्राज्यवादाशी सांगड घातलेली होती. जागा उरली म्हणून खाली नरसय्याबद्दल एक ओळ घातली होती.

अप्पांनी लाल पेन्सिल काढली आणि एकेक ओळ खोडत खाली आले. इतिहास गेला. साम्राज्यवाद गेला. हक्कावर पेन्सिल थोडी थांबली, मग तोही गेला. मी दात-ओठ खात उभा. कागदावर शेवटी तेवढीच ओळ उरली: 'नरसय्या अजून खोकतो.'

तिच्याखालून त्यांनी नख नेलं. परत आणलं. पुन्हा नेलं. आत शेडमध्ये, स्वच्छ हवेत, स्टुलावर बसलेला नरसय्या खोकला. तसाच, पूर्वीसारखा. जे आत गेलं होतं त्याला बाहेर काढणारी कडी नव्या पेठेत कुणाकडं नव्हती.

"गुळगुळीत लिवलंस," अप्पा म्हणाले. "पन नख अडकतंय."

त्यांनी गूळ आणायला माणूस पाठवला. मग न्हाव्याचा ब्रश घेतला, खळीत बुडवला आणि ते पत्रक स्वतःच्या हातानं शेडच्या दाराला लावलं. न्हावी वस्तरा घेऊन रिकाम्या स्टुलापाशी उभा राहिला. कागदाच्या कडेला एक सुरकुती राहिली होती. ती ते नखानं दाबत होते आणि ती दुसरीकडं सरकत होती.

"अप्पा, दाढी?" न्हाव्यानं विचारलं.

"थांब जरा," अप्पा म्हणाले. "हे बसंना झालंय."